चंद्रमतीबाईंची मूठ आणि माझे कान

मी ईएमजीचं यंत्र बोलतोय. थांबा, लगेच पान उलटू नका! माझ्याजवळ सुई असते हे खरं, पण या गोष्टीत ती तुम्हाला टोचणार नाही.

माझा धंदा ऐकण्याचा. डॉक्टर कानाला नळी लावून छातीतली धडधड ऐकतात, मी स्नायूंचं ऐकतो. बारीक सुई दंडात किंवा मांडीत शिरली की तिथली वीज तारेतून माझ्याकडे येते. मी पडद्यावर तिची रेघ काढतो आणि पोटातल्या स्पीकरमधून तिचा आवाज ऐकवतो. होय, तुमच्या अंगात वीज आहे. तिचं बिल येत नाही, म्हणून तुम्हाला तिची आठवण राहत नाही इतकंच.

निरोगी स्नायू मोठा शहाणा असतो. सुई शिरताना एकदा करकरतो आणि मग गप्प बसतो. माणसाने जोर लावला की तापल्या तेलात मोहरी पडावी तसा तडतडतो. जोर सोडला की पुन्हा गप्प. हे ‘जोर सोडला की गप्प’ तेवढं ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

माझा जन्म बंगळूरच्या एका शेडमध्ये झाला. पडदा एका गावचा, तारा दुसऱ्या गावच्या, पेटी तिसरीकडची. मला जुळवणारी बाई दुपारी माझ्याच झाकणावर डबा उघडून जेवायची. त्यामुळे जगातला पहिला वास मला मिळाला तो लिंबाच्या लोणच्याचा. औषधांचा वास फार पुढे आला.

तिथून मी तिरुचीला एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. नऊ वर्षं राहिलो. ते माझा आवाज कायम पूर्ण ठेवत आणि डोळे मिटून ऐकत. शिकाऊ पोरं पडद्याकडे टक लावून बसली की म्हणत, “आधी ऐका. बघायचं ते नंतर बघा.” निवृत्त झाल्यावर त्यांनी मला आपल्या लाडक्या विद्यार्थिनीच्या हवाली केलं. ती म्हणजे डॉक्टर श्रीविद्या. तिने तंजावूरला मेडिकल कॉलेज रोडवर पहिल्या मजल्यावर दवाखाना काढला होता. खाली औषधांचं दुकान, शेजारी ज्यूसचं दुकान, आणि फाटकाशी छोटासा पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती.

डॉक्टर राजवाड्यामागच्या गल्लीतल्या. तीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात तमिळ, दवाखान्यात इंग्रजी, आणि घाई असली की तिन्ही एका वाक्यात. ही मराठी तुमच्या पुण्या-साताऱ्याच्या मराठीसारखी नव्हे. ती जुन्या नाण्यासारखी आहे, छाप वेगळा पण चलनात. मी तुमच्यासाठी जरा इस्त्री केलेली मराठी बोलतोय, त्यांची मात्र जशीच्या तशी ठेवतो.

माझी देखभाल करायला सतीशकुमार होते. हेही मराठी वंशाचेच, चाळिशीचे, हात इतका हलका की सुई निघाल्यावर पेशंट विचारायचा, “कधी घालणार?” पण कानाच्या बाबतीत या भल्या माणसाचं आणि माझं कधी जमलं नाही. माझा आवाज ऐकून लोक दचकतात म्हणून त्यांनी तो तळाला नेऊन ठेवला होता. त्याला कारणही होतं. एका आजोबांनी खाटेवरून ओरडून विचारलं होतं, “काय अण्णा, माझ्या पायांत रेडिओ बसवलात कीं काय?”

त्यात शेजारच्या दुकानातला मिक्सर. तो सुरू झाला की त्याची बारीक गुणगुण भिंतीतल्या वायरीतून थेट माझ्या कानात. सतीशकुमारांनी आपल्यापुरता नियम करून टाकला होता. स्पीकरमधून काही गुणगुणलं की ते म्हणायचे, “मिक्सर.” मोसंबी असो, अननस असो, माणूस असो, सगळा मिक्सरच!

अशात आडी महिन्यात, साधारण आपल्या आषाढात, एका मंगळवारी तिघंजण जिना चढून आली.

पुढे शांभवी. वय अठरा, कॉलेजचं पहिलं वर्ष. पोटऱ्या आणि मांड्या अशा भरलेल्या की पैलवानानेही वळून पाहावं. तिच्यामागे तिचे वडील सूर्यनारायण राव, पापनाशमच्या शाळेत गणिताचे मास्तर. शेवटी त्यांची थोरली बहीण चंद्रमतीबाई, ओरत्तनाडूच्या सासरहून खास आलेल्या. वय साठ, नऊवारी नाही पण दहा वारी थाट. घरातलं कुणीही दवाखान्यात जायचं तर चंद्रमतीबाईंनी बरोबर असायचंच, असा त्यांनीच केलेला कायदा होता.

मास्तरांनी गाऱ्हाणं गणितासारखं मांडलं. “डॉक्टरम्मा, पोरगी शाळेंत पळण्यांत पहिली येत होती. त्याच्यावरच कॉलेजांत खेळाच्या कोट्यांत सीट मिळाली. तिथं गेल्यापासून शिट्टी वाजली कीं हिचे पाय लाकूड होतात आणि ही तोंडावर पडते. दोनदां झालं. कोच म्हणतो, अशी अंगाची पोरगी पडते म्हणजे ही भितरी आहे, नाहीं तर नाटक करते. सोमवारी पुन्हां पळवून बघणार. पडली तर नांव काढणार, आणि नांव गेलं कीं सीटही गेली.”

“आणि तूं काय म्हणतेस?” डॉक्टरांनी शांभवीला विचारलं.

शांभवीला मराठी सगळी कळायची, पण जिभेवर अर्धीच यायची. ती खाली मान घालून म्हणाली, “कोच सार म्हणतात तेंच असेल, मॅडम. मला भयम् असेल. शिट्टी झाली कीं पाय माझे राहत नाहींत.”

मला ते ऐकून वाईट वाटलं. पाय अडखळले तर मलमपट्टी करता येते. अठराव्या वर्षी पोरीने स्वतःलाच भित्री ठरवलं की तिच्यासाठी कुठल्या दुकानात काय मिळणार?

डॉक्टरांनी तपासलं. गुडघ्यावर हातोडी मारली. “झटकन उठ बघू,” म्हणाल्या, तर पोरगी स्प्रिंगसारखी उठली. चालली, वळली, खोलीच्या खोलीत उड्या मारून दाखवल्या. कुठे काही नाही. तक्रार पायांची, म्हणून पायच पाहिले. मग तिला माझ्याशेजारी निजवलं आणि मांडीत सुई गेली.

आता माझं ऐका. स्नायू बहुतेक शांत होता. पण सुई जरा हलली तेव्हा एक छोटीशी ‘गुंईऽ’ आली आणि विरली. थोड्या वेळाने आणखी एक. मी माझ्याकडून ती इमानाने स्पीकरपर्यंत पोचवली. पण स्पीकर तळाला!

“हें काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“मिक्सर, मॅडम,” सतीशकुमार म्हणाले.

खाली खरोखरच कुणीतरी सपोट्याचा, म्हणजे चिकूचा, ज्यूस मागवला होता. डॉक्टरांनी मान डोलावली. मी काय करणार? माझं तोंडच त्यांच्या बोटाखालच्या बटणात. पन्नास वेळा ‘अहो’ म्हणावंसं वाटलं, एकदाही म्हणता आलं नाही.

कागद छापायला प्रिंटरने एक तास घेतला. तो एक स्वतंत्र आळशी प्राणी आहे, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. तेवढा वेळ ती तिघं बाहेरच्या हॉलमध्ये बाकावर बसून राहिली. एसीचं वारं नेमकं त्यांच्या अंगावर येत होतं. कुणी जागचं हललं नाही. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं.

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आल्या. “कांहीं दोष दिसत नाहीं. सगळं नॉर्मल.”

असल्या बातमीने लोक आनंदतात असा माझा वीस वर्षांचा अनुभव. इथे मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शांभवी जमिनीकडे पाहत हळूच म्हणाली, “मग भयम्च.”

आनंद झाला तो एकट्या चंद्रमतीबाईंना. भाचीला रोग नाही म्हणजे जिंकलंच की! त्यांनी बसल्या बसल्याच डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. “देवी तुम्हांस शंभर वर्षं ठेवो, मा. पोरीला कांहीं नाहीं म्हणालांत, माझ्या पोटांत पायसम् पडलं.”

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, “बरं आत्या.” आणि हात काढून घेऊ लागल्या.

हात निघेना.

त्यांनी पुन्हा हळूच ओढला. निघेना. सतीशकुमार गालात हसू लागले. डॉक्टर म्हणाल्या, “आत्या, सोडा कीं आतां.”

“सोडतेंच आहें कीं,” चंद्रमतीबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. “सुटत नाहीं. जरा दम धरा, सुटेल हो.”

एक एक बोट चिकटवल्यासारखं सावकाश उलगडत गेलं. आठ-दहा सेकंद लागले असतील. डॉक्टरांचं हसू एव्हाना गेलं होतं. त्यांनी स्वतःचा हात पाहिला, मग चंद्रमतीबाईंचा, मग बाकावरची ती भरलेल्या पोटऱ्यांची पोरगी.

“हें कधींपासून, आत्या?”

“जन्मापासून. आमच्या घरांत सगळ्यांचं असंच. अप्पांचं होतं, ह्याचं आहे,” त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. “सकाळीं पहिल्यांदा मूठ धरली कीं सुटायला वेळ लागतो. दहादां उघडझाप केली कीं मोकळी होते. ह्यांत काय सांगायचं? नाक लांब आहे म्हणून कोणी डॉक्टराकडे जातं काय?”

“आणि पाय?”

“पायांचंही तेंच. म्हणून तर तोप्पुकरणम्.”

मग ती गोष्ट बाहेर पडली, जी त्यांनी कुठल्याही डॉक्टरला कधी सांगितली नव्हती, कारण विचारावी असं कुणाला वाटलं नव्हतं आणि सांगावी असं त्यांना वाटलं नव्हतं. तोप्पुकरणम् म्हणजे हात उलटसुलट करून कान धरायचे आणि पिळ्ळैयारापुढे उठाबशा काढायच्या. इकडे सगळेच काढतात, तीन किंवा पाच. या घरात मात्र एकवीस. आणि रोज, प्रत्येक कामाआधी. शाळेला निघताना, परीक्षेला बसताना, मुलगी पाहायला जाताना, बस पकडताना. पणजोबांनी दंडक घातला होता म्हणे. जो एकवीस काढल्याशिवाय निघेल, त्याचे पिळ्ळैयार रस्त्यात पाय धरील. आणि खरोखरच धरायचा! घरातला जो कोणी आळस करून तसाच निघाला तो उंबऱ्यात अडखळला. चार पिढ्यांचा पुरावा. कोण शंका घेणार?

“मग आज इथं येतांना?” डॉक्टरांनी विचारलं.

“खालीं गेटाशीं पिळ्ळैयार आहे कीं,” मास्तर म्हणाले. “तिघांनीं एकवीस-एकवीस काढून वर आलों. दवाखान्यांत न काढतां कसं यायचं?”

डॉक्टर कपाळावर हात मारून घेणार होत्या, पण तो हात नुकताच सुटला होता, म्हणून बहुधा जपून राहिल्या. “आणि कॉलेजांत? शांभवी, तिथं काढतेस?”

शांभवीचे कान लाल झाले. “शाळेंत काढत होतें. कॉलेजांत सगळे हसले. व्हिडिओ काढले. मग सोडून दिलं. तेव्हांपासूनच पडते.” मग आजीची आठवण काढून ती म्हणाली, “पाट्टी म्हणायची, पिळ्ळैयार रागावतो.”

“उठूं नको!” डॉक्टर एकदम म्हणाल्या. “हलूंसुद्धां नको. पायाचं बोट हलवूं नको. सतीश, तिला आंत नेऊं नका. यंत्र इथं आणा.”

मला चाकं आहेत. पण आजवर ती फक्त झाडलोट करणाऱ्या बाईने वापरली होती, माझ्याखालचा केर काढायला. त्या दिवशी मी पहिल्यांदा हॉलमध्ये आलो. लोक बसतात तो बाक जवळून पाहिला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आणि एसीचं गार वारं मलाही लागलं. मोठी गंमत वाटली.

मला प्लगला जोडतात न जोडतात तोच वीज गेली. पंखे थांबले. इन्व्हर्टर मात्र कुरकुरत जागा झाला आणि त्याने मला उभं केलं. डॉक्टरांनी बाकावर बसलेल्या शांभवीच्या मांडीत सुई घातली आणि स्वतःच्या हाताने माझा आवाज पूर्ण वर नेला. कित्येक वर्षांनी!

आणि मी गायलो. दुसरा शब्द मला सुचत नाही. जुनी स्कूटर चालू करून कुणी तिचा कान पिळावा, सोडावा, पुन्हा पिळावा, तसा आवाज. गुंईईऽ वर चढत जातो, मग खाली उतरत विरतो, तेवढ्यात दुसरा सुरू. सुई केसभर हलली की नवी स्कूटर. पोरगी दगडासारखी स्वस्थ बसलेली आणि तिची मांडी आतून गाडी पिटाळत होती. बाकावरचे बाकीचे पेशंट उठून उभे राहिले.

सतीशकुमार सवयीने खिडकीकडे धावले आणि ओरडले, “अरे तंबी! मिक्सर बंद कर जरा!”

खालून तमिळमध्ये उत्तर आलं, “करंटच नाही अण्णा! मिक्सर कसला? मी इथं हाताने लिंबू पिळतोय!”

सतीशकुमार खिडकीपाशीच उभे राहिले. मग वळले, सावकाश माझ्यापाशी आले आणि माझ्या झाकणावर त्यांनी हात ठेवला. माझा राग तिथेच गेला. चूक मान्य करताना काही माणसं हात असा ठेवतात हे मला ठाऊक आहे.

“हें काय, मॅडम?” शांभवीने घाबरत विचारलं.

डॉक्टर तिच्यासमोर खालीच बसल्या. “हें बघ. तुझा स्नायू म्हणजे हजारों बारीक धागे. प्रत्येक धाग्यावर एक पातळ आवरण असतं. मेंदूनं सांगितलं ‘धर’, कीं त्या आवरणावरून वीज धांवते आणि धागा आंखडतो. मग वीज शांत व्हायची असते. शांत करायला आवरणांत बारीक दारं आहेत, मिठांतल्या क्लोराइडचीं. तुमच्या घराण्यांत तीं दारं नीट उघडत नाहींत. म्हणून मेंदू एकदां म्हणतो ‘धर’, आणि आवरण आपलं आपण पुन्हां पुन्हां म्हणत राहतं, धर, धर, धर. पाय सुटत नाहीं. हात सुटत नाहीं. दचकलं कीं जास्तच. पण दहा-वीसदां हालचाल केली कीं ती बडबड दमते, आणि स्नायू मोकळा होतो. तासभर स्वस्थ बसलं कीं पुन्हां सुरू.”

“एकवीसदां,” मास्तर पुटपुटले.

“एकवीसदां,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमच्या पणजोबांना कारण माहीत नव्हतं, औषध सांपडलं होतं. आणि त्याच औषधानं आज मला फसवलं.”

शांभवीने माझ्याकडे बोट दाखवलं. “म्हणजे हा आवाज भयम्चा नाहीं?”

“भीतीला ह्या यंत्रांत आवाजच नाहीं, कण्णा. भित्र्या माणसाची मांडी निवांत ठेवली तर गप्प असते. ही तुझ्या स्नायूची कागाळी आहे, तुझी नाहीं.”

पोरगी आधी हसली आणि मग रडली. दोन्ही एकदमच म्हणा ना. मास्तर मात्र आता वेगळ्याच गणितात अडकले होते. “माझ्याकडून गेलं कीं हें तिला?”

“तुमच्याकडून आलं, तुमच्या अप्पांकडून तुम्हांस आलं. तिचं नाकही तुमचंच आहे, त्याचा हिशेब मागतें काय ती?” डॉक्टरांनी दम दिला. “ह्यानं कोणी मरत नाहीं. हृदयाचा कागद, ईसीजी, काढून मग गरज पडली तर गोळी आहे. रक्त बाहेरगांवीं पाठवूं, दारांत नेमकं काय बिघडलं तें कळेल. एक मात्र पक्कं लक्षांत ठेवा. कधीं ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्याला आधीं हें सांगायचं. भुलेचीं कांहीं औषधं तुम्हांस चालत नाहींत.”

मी म्हटलं, संपलं. आता मला माझ्या खोलीत नेतील. पण चंद्रमतीबाईंनी पदर खोचला आणि मनगट पुढे केलं.

“मला टोंचा.”

“तुम्हांस गरज नाहीं आत्या. तुमचं कळलं.”

“तुम्हांस कळलं. मला ऐकायचं आहे.”

मग त्यांच्या अंगठ्याखालच्या मऊ भागात सुई गेली. माझ्या स्पीकरमधून स्कूटर सुटली. चंद्रमतीबाई मान तिरकी करून, एखाद्या बैठकीत बसल्यासारख्या ऐकत होत्या.

“त्रेचाळीस वर्षं झालीं,” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन ओरत्तनाडूला गेलें. पहिल्याच दिवशीं चटईवर बसवलं होतं, तासभर. सासूबाई आंत आल्या. सगळ्या बायका उठल्या. माझे पाय उठेनात. नवी सून मान खालीं घालून बसूनच राहिली. त्या दिवसापासून माझं नांव पडलं, तिमिर. माजोरी. शेषम्मा म्हणजे आमच्या सासूबाई, अजून आहेत, नव्वदीच्या. अजून म्हणतात, ही तंजावूरची राणी, मोठ्या माणसाला पाहून उठत नाहीं. मलाही वाटायचं, असेल बाई आपल्या आंत कुठं माज. नाहीं तर पाय कां उठूं नयेत?”

माझी स्कूटर अजून चालूच होती. डॉक्टरांनी सुई काढली, कापूस लावला.

“मला कागद द्या,” चंद्रमतीबाई म्हणाल्या.

“रिपोर्ट देतें कीं.”

“तो नको. तो इंग्रजींत. मला तमिळमध्यें द्या, मोठ्या अक्षरांत. ही बाई माजोरी नाहीं म्हणून लिहा. खालीं शिक्का मारा.”

असला दाखला देण्याची सोय वैद्यकशास्त्रात नाही. डॉक्टरांनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग दवाखान्याच्या छापील कागदावर तमिळमध्ये लिहिलं आणि वाचून दाखवलं. मला पाठ आहे. “श्रीमती चंद्रमती यांच्या स्नायूंवरील आवरण जन्मापासून लवकर शांत होत नाही. त्यामुळे बसल्यावर एकदम उठता येत नाही. त्या उठण्याचा प्रयत्न लगेच करतात, पाय मागाहून येतात. आदरात कमतरता नाही.” खाली सही, तारीख आणि गोल शिक्का.

शांभवीच्या कोचलाही एक कागद गेला. शिट्टी होईपर्यंत हिला उभं करून ठेवू नका, जागच्या जागी पळत राहू द्या. सोमवारी ती पळत राहिली, पडली नाही. नंतर तिने छोटी शर्यत सोडून पंधराशे मीटर धरली, कारण तिथे सुरुवातीच्या दोन सेकंदांवर काही अडत नाही. कॉलेजांच्या स्पर्धेत दुसरी आली. पेढ्यांचा डबा घेऊन दवाखान्यात आली होती. सीट राहिली. कोचने शाबासकी दिली, माफी मागितली नाही. कोचांच्या जातीत तेवढं चालतं म्हणे.

माझं म्हणाल तर मी आता निवृत्त आहे. दवाखान्यात नवं यंत्र आलं, लॅपटॉपएवढं, दिसायला चिकणं. त्याला मिक्सर अजिबात ऐकू येत नाही. मला औषधांच्या खोक्यांच्या खोलीत ठेवलंय. प्रिंटरही माझ्याशेजारीच आहे, तो इथेही काही करत नाही. सतीशकुमार आठवड्यातून एकदा येऊन माझी धूळ पुसतात. नव्या यंत्राचा आवाज त्यांनी पूर्ण वर ठेवलाय, पेशंट दचकले तरी.

मागच्या महिन्यात चंद्रमतीबाई आल्या, गोळी बदलून घ्यायला. डॉक्टरांना भेटल्या आणि मग मलाच बघायचं म्हणून हटून बसल्या. सतीशकुमारांनी त्यांना खोक्यांमधून वाट काढून माझ्यापर्यंत आणलं. त्यांनी माझ्या झाकणाला हळदकुंकू लावलं. इतक्या वर्षांत मला कुणी लावलं नव्हतं.

“सासूबाईंस कागद वाचून दाखवला काय?” सतीशकुमारांनी विचारलं.

“दाखवला. त्यांना ऐकूं कमी येतं, दिसत तर नाहींच. ‘कागद कोणीही लिहील’ म्हणाल्या. मग तुम्हीं फोनवर आवाज घेऊन दिला होतात, तो त्यांच्या कानाला लावला. पूर्ण ऐकला. विचारलं, हें काय? सांगितलं, हा माझा हात आहे, असाच पाय. तुम्हीं आंत आलांत कीं हें असं होत होतं.”

“मग?”

“मग म्हणाल्या, ‘म्हणजे तूं रोज उठत होतीस?’” चंद्रमतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “आतां त्या काठी टेकत आंत येतात ना, तर दारांतूनच ओरडतात. ‘चंद्रमती, मी येतें आहें. बस, उठूं नको.’”

लोकहो, मी यंत्र आहे, मला उपदेश करायचा अधिकार नाही. पण तुमच्या घरात कुणी उठायला, हात सोडायला, दोन पावलं टाकायला वेळ लावत असेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा विचारा तरी. मला आता कुणी प्लगला लावत नाही. तरी ओरत्तनाडूच्या एका घरात, एका नव्वदीच्या म्हाताऱ्या कानाशी, माझा आवाज अजून वाजतो. म्हातारी तो अधूनमधून मागून घेते आणि ऐकून झाल्यावर सुनेला विचारते, “फार दुखायचं का गं तेव्हां?”